डे ऑफ द टेंटॅकल: व्हिनेगर कुठून आणू??

अडकलेला_उंदीर: मंडळी ही १९९३ ची गेम आता रीमास्टर (नव्याने सजवलेली आवृत्ती) घेऊन खेळतोय, त्यातल्या होगी या पात्राला २०० वर्षं मागे बॅटरी बनवायचीय, तेल सोनं मिळेल पण व्हिनेगर काही केल्या सापडत नाही, दोन दिवस नुसतं क्लिक क्लिक. हिंट द्या, पूर्ण उत्तर नको!

जुना_पीसी: अरे भावा, वाईन बरीच वर्षं पडून राहिली की तिचं काय होतं? आणि तिथे टाइम कॅप्सूल (भविष्यात उघडायची बंद पेटी) कशाला ठेवलीय? एवढ्यात समज.

टिचकी_ताई: खऱ्या आयुष्यात त्यासाठी हवा आणि ॲसिटिक ॲसिड बनवणारे बॅक्टेरिया लागतात, बंद पेटीत ४०० वर्षांनी काय होईल देव जाणे 😄 पण व्हिनेगरसारख्या आम्लाने साधी बॅटरी बनते हे मात्र खरंय. पुढे बेंजामिन फ्रँकलिनचा वादळी विजेत उडवायचा पतंग येईल, तो प्रकार घरी करू नका.

अडकलेला_उंदीर: मिळालं!!! २०० वर्षं पुढे गेलेल्या लव्हर्न या पात्राने भविष्यात पेटी उघडली की थेट व्हिनेगर, हसून हसून वाट लागली

जुना_पीसी: आता गोठलेल्या हॅमस्टरपर्यंत पोच, मग बोलू. आणि हो, गेममधल्या एडच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू कर, आत या गेमचा आधीचा भाग, १९८७ ची अख्खी मॅनियाक मॅन्शन आहे