व्हॉलीबॉलमध्ये मिडल ब्लॉकर खेळायला शिकायचंय, बजेट २०००, सोलापूरकरांनी सल्ला द्या

रेल्वेलाईन_१३
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या टीममधून व्हॉलीबॉल खेळते. आत्तापर्यंत ४ नंबरवरून, म्हणजे नेटजवळच्या डाव्या कडेवरून मारायचे. आमची मिडल (नेटजवळ मधोमध उभी राहून समोरचा स्मॅश अडवणारी) लग्न होऊन पुण्याला गेली आणि सरांनी सगळ्या पोरींवरून नजर फिरवून मला मध्ये उभं केलं, कारण काय तर मी उंच. उंच म्हणजे ५ फूट ७, त्यात काय एवढं. आता प्रॉब्लेम असा की समोरची लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) बॉल कडेला टाकते आणि मी पोचेपर्यंत स्मॅश आमच्या कोर्टात पडलेला असतो. शॉर्ट (नेटजवळ कमी उंच दिलेला झटपट बॉल) मारायला जीव तोडून पळते तर आमची लिफ्टर मला बॉलच देत नाही. दिवाळीनंतर इंटर कॉलेज आहे. ग्राउंड मुरुमाचं. शूज, नीकॅप, जे काय घ्यायचं ते सगळं मिळून २००० मध्ये. त्याच्या वर घरून एक रुपया सुटणार नाही. काय घेऊ आणि काय शिकू?

स्मॅशर_सातरस्ता
भावा सगळ्यात पहिलं शूज. मी गेल्या वर्षी ॲसिक्सचे घेतले, पावणेदहा हजाराला पडले पण काय कुशन आहे. बजेट थोडं ताण, एकदाच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं. स्वस्तातलं घेऊन पस्तावशील.

मुरुमातला_राजा
वरच्या भावानं ग्राउंड वाचलं नाय वाटतं. मुरुमावर इनडोअरचे गमसोल घालायचे म्हणजे पैसे मातीत, शब्दशः. तो सोल लाकडी नायतर सिंथेटिक कोर्टला चिकटायला केलेला असतो, मुरुमावर धूळ बसली की गुळगुळीत होतो आणि खडे त्याला खाऊन टाकतात. मुरुमाला दाणेदार कडक सोल लागतो. निवियाचे साधे बघ, नायतर टाच रुंद असलेले कुठलेपण. रनिंगचे तेवढे घेऊ नको, त्यांची टाच उंच असते, ब्लॉकवरून बाजूला उतरताना घोटा वळतो.

स्मॅशर_सातरस्ता
मी पण मुरुमावरच खेळतो, मला काय झालं नाही. ज्याला परवडत नाही तो नावं ठेवतो.

मुरुमातला_राजा
तू मागं उभा राहून सर्व्हिस टाकून घरी जातो बे, तुला काय होणार.

जुना_लिफ्टर
बूट नंतर. उशीर पायांमुळे कमी आणि डोळ्यांमुळे जास्त होतो. बहुतेक नवे मिडल बॉलकडे बघत बसतात, बॉल वर गेला की तोंड वर करून तेही वर. तसं न करता आधी समोरच्यांचा पहिला पास बघायचा. पास नेटपासून लांब गेला, लिफ्टर धावत मागं चाललाय, तर शॉर्ट येणं जवळपास अशक्य, मग तू मध्ये कशाला अडकून बसतोस, तेव्हाच कडेकडे सरकायला लाग. पास बरोबर लिफ्टरच्या डोक्यावर आला तरच मध्ये थांबायचं. मग बॉलवरून नजर काढून लिफ्टरकडे न्यायची. त्याचे खांदे, कंबर, बॉल डोक्याच्या पुढे घेतोय की मागे, बॉलखाली उशिरा पोचलाय का. मी वीसेक वर्षं लिफ्ट केलंय, मागं टाकायचा असला की माझी पाठ आधी वाकायची, आणि ज्या मिडलला ते कळलं होतं तो मला रडवायचा. बॉल हातातून सुटला की दिशा कळते, मग बॉल सोडून द्यायचा आणि मारणाऱ्याकडे बघायचं, त्याचा हात कुठं चाललाय ते. पास, लिफ्टर, बॉल, स्मॅशर, ह्या क्रमानं नजर. हे जमेपर्यंत उंची ६ फूट ५ असून उपयोग नाही.
पायाचं म्हणशील तर लांब जायचं असल्यावर बाजूबाजूनं सरकत बसू नको. पहिलं पाऊल जायच्या बाजूला, दुसरं त्याच्यावरून क्रॉस, तिसऱ्यानं पाय जोडून अंग नेटकडे वळवायचं आणि वर. हात पूर्ण वेळ खांद्याच्या वर. खाली सोडलेस तर वर यायला वेळ जातो आणि वाटेत नेटला लागतात.

नाना_शूटिंगबॉलवाले
आमच्या वेळी हे क्रॉस पाऊल वगैरे काय नव्हतं. गावाकडं शूटिंग बॉल खेळायचो, मूठ वळून एक दणका. आताच्या पोरांना नीकॅप पाहिजे, टेप पाहिजे, लिफ्टरची पाठ पाहिजे. शूटिंग बॉल खेळ बाळा, मनगट तयार होईल.

कुमठानाका_एक्सप्रेस
नाना तो खेळच वेगळा आहे, त्यात लिफ्ट कुठंय.

नाना_शूटिंगबॉलवाले
म्हणूनच चांगला आहे.

भवानीपेठ_बॉईज
नीकॅप घे भावा. माझा गुडघा गेला तो ब्लॉकवरून एका पायावर उतरून उतरून. डॉक्टर म्हणाले वाटीच्या खालची शीर सुजलीय. आता जिना चढताना कळा येतात. मिडलला सगळ्यात जास्त उड्या, बॉल आपल्याकडे येवो न येवो, दर वेळेला उडायचंच. दोन्ही पायावर, गुडघे वाकवून उतर. आणि पलीकडे पाय टाकू नको, माझ्या मित्राचा घोटा समोरच्याच्या बुटावर उतरूनच मोडला.

कुमठानाका_एक्सप्रेस
नीकॅपनं ते दुखणं थांबत नाय, नीकॅप डाईव्ह मारताना घासू नये म्हणून असते. मिडलला उलट अँकल सपोर्ट पाहिजे. आणि बोटांना टेप. करंगळी आणि शेजारचं बोट एकत्र बांधायचं, मेडिकलमध्ये पांढरी चिकटपट्टी मिळते तीच. अंगठी असली तर काढून ठेवायची. पंजे ताठ, बोटं फाकवून, आणि बॉलला चापट मारायची नाही, पंजे नेटच्या पलीकडे नेऊन नुसतं दाबायचं. चापट मारली की हात मागून पुढे येतो, बॉल हात आणि नेटच्या मधून आपल्याच अंगावर पडतो.

पार्कचौक_पंटर
आणि नेटला हात लागला तरी चालतो आता, फक्त वरच्या पट्टीला लागायला नको. त्यामुळं बिनधास्त दाब.

पंच_रिटायर
चुकीची माहिती पसरवू नका. तो नियम मध्ये काही वर्षं होता. २०१५ पासून परत बदललाय, बॉल खेळण्याच्या क्रियेत दोन अँटेनांच्या (नेटच्या दोन्ही कडांना लावलेल्या उभ्या काठ्या) मधे नेटला कुठंही लागलं तर फॉल्ट. समोरच्यानं मारलेला बॉल नेटवर आदळून नेटच तुमच्या अंगावर आलं तर मात्र फॉल्ट नाही. आणि ब्लॉकला लागलेला बॉल तीन टचमध्ये धरत नाहीत, त्यानंतर पूर्ण तीन मिळतात, आणि पहिला टच ज्यानं ब्लॉक केला तोसुद्धा करू शकतो. आपल्याकडे अजून अर्ध्या पोरांना हे माहीत नसतं, ब्लॉक करून उभे राहतात पुतळ्यासारखे.

पार्कचौक_पंटर
आमच्याकडे तर अँटेनाच लावत नाहीत, मग काय मोजणार.

पंच_रिटायर
आमच्याकडे लावायचो.

स्मॅशर_सातरस्ता
मिडल म्हणजे मुसेर्स्की बघा. २०१२ लंडन ऑलिंपिकची फायनल, ब्राझील २-० पुढे, रशियाच्या कोचनं ह्या मिडलला उचलून कडेवरून मारणारा काउंटर म्हणून टाकला आणि गड्यानं ३१ पॉइंट काढले, रशिया ३-२ नं जिंकली. उंची २१८ सेंटिमीटर. ५ फूट ७ मध्ये भावा तू लिबेरोच (मागं राहून फक्त बॉल उचलणारा) हो, कशाला उगाच.

रेल्वेलाईन_१३
सगळ्यांना धन्यवाद, पण मी भावा नाही. पहिल्या पोस्टमध्ये "खेळते" लिहिलंय, पोरी लिहिलंय. नेट आमचं २.२४. लिफ्टर काकांचं वाचून आज फक्त समोरचीच्या खांद्यांकडे बघत खेळले, एक ब्लॉक लागला, बाकीचे तसेच गेले. पण आमची लिफ्टर मला बॉल का देत नाही ते कोणीच सांगितलं नाही.

मुरुमातला_राजा
सॉरी ताई. शूजचं तेच राहील.

हैदराबादरोड_अक्का
बघ, मी युनिव्हर्सिटीला मिडलच खेळले, उंची तुझ्याएवढीच. मुलींच्या इंटर कॉलेजला लांबून लांबून बॉल वरच्या वर तरंगत येतात, तिथं वेळेवर दोन हात लागले तरी पुष्कळ. सगळा बॉल खाली पाडायचा हट्ट नको, हाताला लागून मंद झाला की मागच्या मुली उचलतात.
लिफ्टरचं म्हणशील तर ती तुला घाबरते. शॉर्ट द्यायचा म्हणजे तिच्या हातात बॉल येतानाच तू हवेत असली पाहिजेस, तेवढा तिचा तुझ्यावर भरवसा बसलेला नसतो, आणि पास दीड मीटर इकडे तिकडे झाला की ती सरळ ४ नंबरला उंच टाकून मोकळी होते. तिला एकटीला पकड. सरांना नको, टीमला नको. सकाळी अर्धा तास, कोणीतरी हातानं पास टाकायचा, ती देणार आणि तू मारणार, तेवढंच. आमच्या दोघींचं असं जमलं होतं की माझ्या तिसऱ्या पावलाच्या आवाजावर ती बॉल सोडायची, मुरुमावर तो आवाज चांगला येतो. आणि मॅचमध्ये बॉल नाही दिला तरी प्रत्येक वेळेला पळायचं, ओरडत पळायचं, समोरची मिडल तुझ्याबरोबर उडाली की तुमच्या कडेच्या मुलीला एकच ब्लॉकर उरते. त्याचं कौतुक कोणी करणार नाही, आधीच सांगते.
अजून एक, लिबेरो आहे का तुमच्याकडे? असली तर तू मागं गेलीस की ती येईल. नसली तर तुलाच सर्व्हिस उचलायची आहे, मग अंडरहँडची (हात जोडून खालून बॉल उचलायची) प्रॅक्टिस सोडू नकोस. आणि नेटचा मधला झोळ तपासून घ्या. उंची मधोमध मोजायची असते, कडेला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उंच नको. कॉलेजची नेटं मध्ये खाली आलेली असतात, तिथंच मिडल उभी असते.

भवानीपेठ_बॉईज
अक्कांशी सहमत. नीकॅप घेच.

स्मॅशर_सातरस्ता
ताई माझे जुने ॲसिक्स पडून आहेत, ९ नंबर. दोन हजारात देतो.

कुमठानाका_एक्सप्रेस
आला धंद्यावर.

जुना_लिफ्टर
अक्का, लिफ्टर घाबरत नाही हो, पास खराब असतो. पास सुधारा, बॉल मिळेल.

हैदराबादरोड_अक्का
तुम्ही लिफ्टर लोक हेच म्हणणार.

रेल्वेलाईन_१३
अपडेट. नेट टेपनं मोजलं. कडेला २.२५ आणि मधोमध २.१६. म्हणजे इतके दिवस आम्ही झोळावरून उड्या मारत होतो आणि मला वाटत होतं माझा हात चांगला पलीकडे जातोय. नेटमधली सुतळी कुजलीये, कितीही ओढली तरी तासाभरात परत लोंबते. तर शूज घेतले नाहीत, नीकॅप पण नाही. हार्डवेअरच्या दुकानातून १२ मीटर बारीक वायर रोप, क्लॅम्प आणि ताणायला टर्नबकल आणलं, उरलेल्यात एक बॉल, कारण टीमचे बॉल कपाटात असतात आणि चावी सरांकडे, सकाळी सहाला सर येत नाहीत. लिफ्टर तयार झालीये. पास टाकायला तिचा धाकटा भाऊ येतो, त्याला रोज वडापाव द्यावा लागतोय तो खर्च वेगळा.

मुरुमातला_राजा
एवढं लिहिलं शूजवर आणि तू तार आणली.

पार्कचौक_पंटर
स्वतःच्या पैशानं कॉलेजचं नेट कशाला ताई? जिमखाना फी घेतात की दरवर्षी. अर्ज दे.

रेल्वेलाईन_१३
दिलाय. सही झाली तर वायरचं बिल लावते. तोपर्यंत नेट २.२४ ला उभं आहे आणि आता खरं कळूलालंय, माझी फक्त बोटंच वर जातात.

कुमठानाका_एक्सप्रेस
बोटं जातात ना, मग टेप लाव. आणि वायर रोपचं कापलेलं टोक उघडं ठेवू नको, हाताला लागलं तर चिरतं, इन्सुलेशन टेप गुंडाळ.

नाना_शूटिंगबॉलवाले
टर्नबकल केवढ्याला पडलं? आमच्या गावच्या नेटला पाहिजे.