सलाईनआधी बधिर करायची क्रीम लावूनही लेकरू रडतंच, चुकतंय कुठे? (मदत हवी आहे)

स्टाफनर्स_कुरखेडा
ग्रामीण रुग्णालयात सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) लेकरं वरचेवर येतात, वय ४ ते १०. सारखं टोचून हाताच्या शिरा कडक झाल्यात. इंट्राकॅथचं (सलाईनसाठी शिरेत घालायची सुई-नळी) पाकीट दिसलं की रडारड सुरू. आता लिग्नोकेन-प्रिलोकेन क्रीम (दोन्ही २.५ टक्के) मिळाली आहे. मनगटामागे चोळून लावतो, वर कापूस आणि चिकटपट्टी, २०-२५ मिनिटांनी सुई. तरी तेवढंच दुखतं, वरून दिसणारी शीरही गायब होते. क्रीम बदलायची, की बर्फ लावून भागेल?

भूलतज्ज्ञ_वर्धा
बर्फ नको, सिस्टर. सिकलसेलमध्ये थंडीने शिरा आकसतात, रक्त मंदावतं आणि विळ्यासारख्या पेशी तिथेच अडकतात. इथिल क्लोराइडचा थंड फवाराही याच कारणाने टाळा.

क्रीम बदलायची गरज नाही. चोळू नका, जाड थर ठेवा. चोळली की पातळ होते आणि आत उतरायला औषधच उरत नाही. ४ वर्षांच्या लेकराला एका जागी १ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ट्यूबचा पाचवा हिस्सा, साधारण १० चौरस सेंटिमीटरवर. कापूस तर मुळीच नको, तो क्रीम पिऊन घेतो. वर पारदर्शक चिकट ड्रेसिंग लावा. ते नसेल तर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा मायक्रोपोरने (कागदी चिकटपट्टीने) बंद करा. हवाबंद झाल्याशिवाय औषध कातडीत नीट शिरत नाही.

आणि वेळ. किमान ६० मिनिटं. तेवढ्यात बधिरपणा जेमतेम ३ मिलिमीटर खोल जातो, दोन तासांत ५ मिलिमीटरपर्यंत. २० मिनिटांत सुई टोचली तर क्रीम न लावल्यासारखंच. म्हणून केसपेपर निघाला की लगेच लावा, डॉक्टरांच्या तपासणीची वाट पाहू नका. पट्टीवर पेनने वेळ लिहा. दोन जागी लावा, एक शीर फुटली तर दुसरी तयार हवी.

शीर गायब होते कारण सुरुवातीला या क्रीमने रक्तवाहिन्या आकसतात, कातडी पांढरी पडते. क्रीम पुसून १०-१५ मिनिटं थांबा, हात खाली लोंबता ठेवा, कोमट ओला कपडा गुंडाळा. शीर पुन्हा वर येते. बधिरपणा तोवर जात नाही, पुसल्यावरही तासभर तरी टिकतो. स्पिरिट पूर्ण वाळल्यावरच टोचा.

औषधनिर्माता_धारणी
प्रिलोकेनबद्दल एक धोका लिहितो, आपल्या भागात तो विशेष लक्षात ठेवावा लागतो. त्याने मेथहिमोग्लोबिन वाढू शकतं, म्हणजे रक्त असूनही ते शरीराला पुरेसा ऑक्सिजन पोचवत नाही. ओठ निळसर, रक्त चॉकलेटी, आणि ऑक्सिजन देऊनही ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकलेला, असं दिसलं तर क्रीम पुसा आणि डॉक्टरांना बोलवा. जी-६-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या लेकराला क्रीम लावूच नका. आदिवासी पट्ट्यात हा दोष बराच आढळतो, आणि याचा उतारा असलेलं मिथिलीन ब्ल्यूसुद्धा अशा लेकराला घातक ठरतं. डॅप्सोन, सल्फा किंवा मलेरियाचं प्रिमाक्विन चालू आहे का, तेही आधी विचारा.

१ ते ६ वर्षं आणि वजन १० किलोच्या वर असेल तर सगळ्या जागा मिळून जास्तीत जास्त १० ग्रॅम, तेही ४ तासांपेक्षा जास्त वेळ नाही. ३ ते १२ महिन्यांच्या बाळाला (५ किलोच्या वर) फक्त २ ग्रॅम. फुटलेल्या किंवा खरूज झालेल्या कातडीवर नको, तिथून औषध फार वेगाने शोषलं जातं. लेकरू पट्टी चाटत नाही ना, यावर आईला लक्ष ठेवायला सांगा.

लिग्नोकेन जेली हा पर्याय नाही. ती तोंड-मूत्रमार्गाच्या ओल्या त्वचेसाठी असते, न फुटलेल्या कोरड्या कातडीतून उतरत नाही.

स्टाफनर्स_कुरखेडा
समजलं. आजपासून केसपेपरसोबतच लावतो. पण क्रायसिसमध्ये (पेशी अडकून अचानक उठणाऱ्या तीव्र वेदनेत) हाडं ठणकत आलेलं लेकरू? त्याला तासभर कसं थांबवायचं?

भूलतज्ज्ञ_वर्धा
थांबवायचं नाही. क्रीम ठरवून बोलावलेल्यांसाठी. क्रायसिस, शॉक, झटके असतील तर सुई आधी. वेदनेचं औषध तोंडाने देता येत असेल तर सलाईनची वाट न पाहता द्या.

मिनिटभर हातात असेल तर कातडीत लिग्नोकेनचा छोटा फुगा. २ टक्क्यांचं साधं लिग्नोकेन १ मिली अधिक नॉर्मल सलाईन १ मिली, झालं १ टक्का. व्हायलवरचं लेबल वाचा, अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं नको आणि स्पायनलचं (पाठीच्या मणक्यात भूल द्यायचं) 'हेवी'ही नको. इन्सुलिनची बारीक सुई घ्या. ४० युनिटच्या सिरिंजवर ४ युनिट म्हणजे ०.१ मिली, तेवढं पुरतं. शिरेच्या शेजारी, अगदी वरच्या कातडीत, आधी मागे ओढून रक्त येत नाही ना पाहून हळू सोडा. मसुराएवढा फुगा उठला की बोटाने दाबून सपाट करा, नाहीतर शीर झाकली जाते. मिनिटाने २४ नंबरचं पिवळं इंट्राकॅथ त्या जागेतून घाला.

लिग्नोकेन आम्लधर्मी असल्याने सोडताना झोंबतं. ०.९ मिलीत ७.५ टक्क्यांचा सोडाबायकार्ब ०.१ मिली मिसळला तर झोंबणं बरंच कमी होतं. ताजंच बनवा, गढूळ दिसलं तर फेका.

सीएचओ_एटापल्ली
अंगावर पिणारं बाळ असेल तर सुईच्या आधी दोन मिनिटं आईला पाजायला घेऊ द्या आणि पाजता पाजताच टोचा. त्याला ना ट्यूब लागते ना तासाची वाट.