दर्या चढला की मानस मोडली?

भरतीओहोटी, फोंडा

पेडण्याचा वाटसरू यांनी काल लिहिले की हवामान बदल हे श्रीमंत देशांनी आपल्या माथी मारलेले थोतांड आहे, हवामान पूर्वीही बदलतच होते, आणि त्यांच्या गावच्या घाटावर भरतीचे पाणी आजोबांच्या वेळी ज्या पायरीला लागायचे त्याच पायरीला आजही लागते. त्याखाली अनेकांनी "अगदी खरे" असे लिहिलेले पाहून गप्प बसवेना.

हवामान पूर्वीही बदलत होते हे आपल्याला कळले कोणामुळे? ज्यांनी हिमयुगांचा शोध लावला आणि पृथ्वीच्या कक्षेतील संथ फेरफारांशी त्यांचा संबंध जोडला, त्याच विद्याशाखेतील माणसे आजची तापमानवाढ वेगळी आहे असे सांगत आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून 8 लाख वर्षांचा हिशेब मिळतो. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेच्या दर दहा लाख भागांत 300 च्या पुढे गेलेले दिसत नाही. 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते 315 होते, आता 420 च्या पुढे आहे. ही भर कोळशाची आणि तेलाची आहे हेही तपासता येते, कारण कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या इंधनात कार्बन-14 हा काळाबरोबर क्षीण होत जाणारा किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो, आणि त्याच्या धुरामुळे हवेतील कार्बन-14 पातळ होत चालल्याचे 1950 च्या दशकातच लक्षात आले होते. सूर्य तापल्यामुळे हे होत असते तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे.

आता पायरीविषयी. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी 20 सेंटीमीटर वाढली, म्हणजे जेमतेम एक वीत. आपल्या गोव्यातील नद्यांत अमावास्या-पौर्णिमेला भरती आणि ओहोटी यांत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. इतक्या चढउतारात पिढ्या दोन पिढ्यांत झालेली वीतभर वाढ नुसत्या नजरेला कशी दिसणार?

पेडण्याचा वाटसरू

आपण अभ्यासू आहात, परंतु माझ्या आजोबांच्या नजरेला आपण ज्या सहजतेने बाजूला सारले ते मला आवडलेले नाही. त्यांनी चाळीस वर्षे त्या नदीत होडी चालवली.

मी संशय घेतो तो आडमुठेपणाने घेत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या 2007 च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असे छापले गेले. आपल्याच भूविज्ञान सर्वेक्षणातील एका ज्येष्ठ निवृत्त अधिकाऱ्याने 2009 मध्ये वेगळे चित्र मांडले, तेव्हा आयपीसीसीच्या अध्यक्षांनी त्याची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशी केली. पुढे 2010 मध्ये चूक कबूल करावी लागली. ज्यांनी आपल्या माणसाला असे झिडकारले, त्यांच्या आकड्यांपुढे मी हात जोडून उभे राहावे काय? शिवाय आपण दिलेली वीत ही साऱ्या जगाची सरासरी आहे. आमच्या शापोरा नदीचे पाणी किती चढले ते सांगा.

भरतीओहोटी, फोंडा

हिमनद्यांच्या बाबतीत आपला मुद्दा मला मान्य करावाच लागेल. ती चूक गंभीर होती आणि अध्यक्षांची भाषा त्याहून वाईट होती. मात्र ते वर्ष त्या अहवालाच्या भौतिक विज्ञानाच्या खंडात नव्हते, परिणामांविषयीच्या खंडात होते, आणि ते खोडले गेल्याने हिमनद्या वितळायच्या थांबलेल्या नाहीत.

शापोऱ्याचा वेगळा आकडा माझ्यापाशी नाही. आपल्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात दर वर्षी 3.3 मिलिमीटरने वाढली. हा अहवाल पुण्याच्या संस्थेतील आपल्याच शास्त्रज्ञांनी सिद्ध केला आहे.

चोडणकरीण

तुम्हा दोघांचे आकडे वाचून मला राहवेना. आमचे खाजन, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेले शेत, बुडाले ते दर्या चढल्यामुळे बुडाले नाही, मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, मोडल्यामुळे बुडाले.

मी लग्न होऊन चोडणला आले तेव्हा आमच्या शेतात कोरगुट हा खारे पाणी सोसणारा भात पिकत होता. मानशीचे लाकडी दार मी जवळून पाहिले आहे. ओहोटीला आतले पाणी ते बाहेर ढकलत असे आणि भरती लागली की बाहेरच्या दाबाने आपोआप घट्ट मिटत असे. सासरे त्याच्या फटींत चिकणमाती आणि पेंढा दाबून बसवायचे. पुढे सर्वांत खालची फळी इतकी कुजली की तीत माझी दोन बोटे सहज जात. खेकड्यांनी बांध पोखरला, खनिजाच्या बार्ज जाताना उठणाऱ्या लाटांनी बाहेरचे चिरे निसटले. आम्ही अर्जामागून अर्ज केले. एका कार्यालयात मला सांगण्यात आले की बाई, हे आता जागतिक तापमानवाढीमुळे होते आहे, सगळीकडेच होते आहे. कुजलेल्या फळीला तापमानवाढ जबाबदार? त्या दिवसापासून हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि मासळीसाठी मानशीचा लिलाव करणाऱ्यांचे काय? जास्त मासळी मिळावी म्हणून भरतीचे खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाते आणि शेत खारावते.

जुना मास्तर, साखळी

बाईंनी सरसकट आरोप करू नये. माझ्या थोरल्या बंधूंनी तीन वर्षे मानस लिलावात घेतली होती. त्या पैशांतून बांधाची डागडुजी झाली, कारण कुळांच्या संघाकडे दुसरी कवडी नव्हती. कसायला माणसे नाहीत आणि मजुरी भाताच्या किमतीत निघत नाही, हे खाजन पडीक पडण्याचे खरे कारण आहे. आमच्या घरात खारे पाणी सोडणारा चोर कोणी नव्हता.

चोडणकरीण

मास्तर, चोर हा शब्द मी वापरलेला नाही, तो आपण वापरलात. मुदतीचा ठेका घेणारा पुढल्या पंधरा वर्षांच्या बांधाचा विचार कशाला करील? आपल्या बंधूंनी डागडुजी केली असेल तर ते सज्जन होते, एवढे मी मानते. आमच्याकडे ठेकेदार गेला आणि मागे खारफुटी उरली. आता ती तोडायची म्हटली तर किनारी नियमांनी गुन्हा होतो. ज्या जमिनीत सासऱ्यांनी भात लावला तिथे मी कोयता नेऊ शकत नाही.

जुना मास्तर, साखळी

खारफुटीमुळेच तुमचा उरलेला बांध लाटांपासून टिकून आहे, हेही सांगत जा.

चोडणकरीण

बांधाच्या बाहेरची खारफुटी बांध राखते. माझी खारफुटी बांधाच्या आत आहे. ज्यांनी चिखलात पाय घातलेला नाही त्यांनी मला हे शिकवू नये.

भरतीओहोटी, फोंडा

बाई, मास्तर, दोघेही थोडे थांबा. बाईंनी दाराचे जे वर्णन केले ते वाचल्यावर माझ्या मूळ मांडणीत काय राहून गेले ते मला कळले.

हे दार नदीची पातळी शेतातल्या पाण्याच्या खाली गेल्यावरच उघडते, म्हणजे शेताचा निचरा होण्यासाठी दर ओहोटीला काही तासच मिळतात. नदीची सरासरी पातळी वर सरकली की दार उशिरा उघडणार आणि लवकर मिटणार. फळी शाबूत असली तरी निचऱ्याचा वेळ घटतो, आणि त्याच वेळी पाऊस मुसळधार असेल तर पाणी आतच तुंबते. म्हणून वीतभर वाढीला नदीपेक्षा खाजनात जास्त किंमत मोजावी लागते. कुजलेली फळी ही मात्र माणसांचीच हयगय आहे आणि ती झाकण्यासाठी हवामानाचे नाव घेणारा अधिकारी शेतकऱ्याला आणि विज्ञानाला, दोघांनाही फसवतो, हे मी बाईंच्या बाजूने मोकळेपणाने लिहितो. समुद्र वाढणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तर फळी आधी बदलायला हवी होती.

चोडणकरीण

हे पटते. दार आता कमी वेळ उघडते की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण दारच उरलेले नाही. सासरे असते तर त्यांनी घटिकांसकट सांगितले असते. पण पुढल्या वेळी त्या कार्यालयात गेले की हेच विचारणार आहे.

पेडण्याचा वाटसरू

दाराचा हिशेब मला समजला. श्रीमंत देशांविषयीचे माझे म्हणणे मी सोडलेले नाही. अमेरिकेतील एक माणूस आपल्यातील एकापेक्षा कितीतरी पट अधिक धूर सोडतो आणि किंमत मात्र चोडणच्या शेतकऱ्याने मोजायची, हा अन्याय आहे. पण अन्याय आहे असे म्हणायचे तर धूर आणि त्याचे परिणाम खरे मानावे लागतात, म्हणून थोतांड हा शब्द मी मागे घेतो. मनापासून घेतो असे नाही, पण घेतो.

आपले उत्तर वाचून आज दुपारी घाटावर जाऊन बसलो होतो. भरतीची पायरी तीच आहे, असे मला अजूनही वाटते. परंतु लहानपणी अमावास्येच्या ओहोटीला सगळ्यांत खालची पायरी उघडी पडायची आणि आम्ही तिच्यावर उभे राहून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायचो. ती पायरी शेवटची केव्हा पाहिली ते आठवत नाही. ती गाळातही गेली असेल. येत्या अमावास्येला काठी घेऊन खाली उतरेन आणि पाय टेकतो का ते पाहीन.