मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

मला मुतखडा दोनदा झाला. पहिल्या वेळची कळ अजून अंगावर काटा आणते. पाठीतून निघून जांघेत उतरायची. बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. खडा पडून गेल्यावर ज्यानं त्यानं काहीतरी सांगितलं. दूध सोड, दही सोड, बिया असलेलं काही खाऊ नकोस. मी सगळं निमूटपणे सोडलं. तीन वर्षांनी दुसरा खडा.

या वेळी तो तपासायला दिला. कॅल्शियम ऑक्झलेट निघाला, बहुतेकांचा असतो तोच. ऑक्झलेट म्हणजे भाज्या, सुका मेवा अशा खाण्यातून येणारा एक पदार्थ. मग कळलं, दूध सोडणं हीच माझी चूक होती. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. ते नसेल तर ऑक्झलेट रक्तात शिरून लघवीत उतरतं. इटलीतल्या 120 पुरुषांवरचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत, कॅल्शियम तोडलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या 60 पैकी 12 जणांना. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! आता जेवणासोबत दही असतंच. तुमचे अनुभव लिहा, फसलेले उपायसुद्धा.

* * *

मी बस चालवतो. मध्ये थांबता येत नाही म्हणून पाणीच पीत नव्हतो. डॉक्टरांनी एक दिवसाची सगळी लघवी भांड्यात जमवून मोजायला लावली, ती जेमतेम 900 मिली भरली. म्हणाले, किमान दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. किती प्यायलो यापेक्षा किती बाहेर पडलं ते बघायचं, उन्हात घाम जातो तेव्हा तर जास्तच. आता प्रत्येक फेरीच्या शेवटी दोन ग्लास पितो. लघवी फिक्या रंगाची दिसली की दिवस बरा गेला असं समजतो. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र विचारूनच वाढवावं, माझ्या भावाला पाण्यावर मर्यादा आहे.

* * *

मी तब्येतीसाठी म्हणून रोज सकाळी कच्चा पालक आणि बदाम वाटून प्यायचे. वर रोज 1000 मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सीची गोळी. पालकात आणि बदामात ऑक्झलेट भरपूर, आणि जास्तीच्या सीचंही शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेटच होतं. वर्षभरात खडा! चांगलं म्हणून जे जे केलं, तेच नडलं. पालक आता कधीतरी, उकडून आणि ते पाणी फेकून. गोळी बंद.

* * *

आमच्याकडे यजमानांना त्रास. पाणी भरपूर पीत होते, तरी खडे होतच राहिले. 24 तासांच्या लघवीच्या तपासणीत सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही जास्त आले. मीठ जास्त खाल्लं की किडनी लघवीत कॅल्शियमही जास्त सोडते, हे तेव्हा समजलं. घरच्या स्वयंपाकात मीठ बेताचंच होतं. खरं मीठ पाकिटातल्या खाण्यातून, तयार सूपमधून आणि सॉसमधून येत होतं. ते थांबवायला आम्हाला दोन महिने लागले.

* * *

माझा खडा युरिक ॲसिडचा, म्हणून वरचं बरंचसं मला लागू नाही. लघवी आम्लधर्मी असली की हा खडा धरतो. मांस-मासे कमी केले, भाज्या-फळं वाढवली, आणि डॉक्टरांनी लघवीतलं आम्ल कमी करणारं औषध, पोटॅशियम सायट्रेट दिलं. घरी पट्टीनं लघवीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तर आम्ल जास्त) बघतो, 6.5 च्या आसपास ठेवायचा असतो. खडा विरघळला, शस्त्रक्रिया टळली. लिंबू-पाणीही घेतो, सायट्रेट मिळतं म्हणून. पण या औषधाची बरोबरी त्यानं होत नाही, आणि हे औषध आपल्या मनानं सुरू करू नये.

ताई, तुम्ही खडा तपासून घेतलात हे फार बरं केलंत. सगळ्यांनी घ्यावा.

* * *

बाबांचा खडा मूत्राशयात होता. आम्ही वर्षभर पथ्यपाणी करत बसलो. मूळ कारण वाढलेलं प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांमधली मूत्राशयाखालची ग्रंथी, निघालं. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नव्हतं आणि साचलेल्या लघवीत खडा वाढत होता. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, त्यातच खडाही काढला. लघवीची धार बारीक झाली असेल, थांबून थांबून होत असेल, तर कृपया आहारात उत्तर शोधत बसू नका.

* * *

मीही एक सांगते. आठवडाभर काढे पीत खडा पडायची वाट बघितली. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप. खड्यानं वाट अडलेली आणि मागे जंतुसंसर्ग. लघवीला वाट करून द्यायला रातोरात स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालावी लागली. कळ आणि ताप एकत्र आले तर त्याच घटकेला दवाखान्यात जा. पथ्य खडा गेल्यावर.

* * *

सगळ्यांचं वाचलं. बाबांच्या ऑपरेशनबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार, माझ्या सासऱ्यांना हाच त्रास आहे, त्यांना उद्याच तपासायला नेते. एक विचारायचं राहिलं: रात्री लघवी दाट होते म्हणून झोपताना पाणी प्यायला सांगितलंय, पण मग दोनदा उठावं लागतं आणि झोप मोडते. यावर कुणी काही जमवलंय का?