मदत हवी आहे: उडवलेली काडतुसं भंगारात देता येतात का?

नमस्कार मंडळी, आम्ही राजापूरकडचे, आजोबांची शेतीसंरक्षणाची लायसनवाली बंदूक होती, ते गेल्यावर ती पोलीस स्टेशनला जमा केली. आता माळा साफ करताना डबाभर उडवलेली बारा बोअरची काडतुसं मिळाली, काही अख्खी पितळी, काही प्लॅस्टिकची, या प्लॅस्टिकवाल्यांच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं म्हणजे आत लोखंडच, वर नुसता मुलामा. भंगारवाला पोलिसांच्या भीतीने घेत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे भागपण येतात, मग उडवलेल्या काडतुसाचं रिकामं कवच त्यात धरतात का? आधी लेखी अर्ज द्यावा लागतो का? आणि दोनेक न उडालेली वाटतायत, ती वेगळी ठेवलीयत, पोरांना तिकडे फिरकू देत नाही, ती जमा कशी करायची? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.