मदत हवी आहे: कारडैयान नोंबूचा मुहूर्त मध्यरात्री, आणि सासूबाई घरात नाहीत

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, नवरा कुंभकोणमकडचा तमिळ. लग्नाला दोन वर्षं होत आली, चेन्नईत पश्चिम मांबलमला राहतो. सणवार एरवी सासूबाई बघतात (आम्ही अम्मा म्हणतो), मी हाताखाली असते. यंदा अम्मा नणंदेच्या बाळंतपणासाठी तिरुचीला गेल्यात आणि शनिवारचा नोंबू माझ्या एकटीच्या गळ्यात आलाय. अगदी शब्दशः, कारण त्या दिवशी गळ्यात पिवळा दोरा बांधतात.

ज्यांना माहीत नाही त्यांनी ही तमिळ वटसावित्री समजा. गोष्ट तीच: सावित्री, सत्यवान, यम. पण वड नाही आणि पौर्णिमाही नाही. मासी महिना संपून पंगुनी लागतो त्या सांध्यावर, म्हणजे सूर्य कुंभेतून मीनेत जाताना, पूजा करायची. अम्मा म्हणतात, "तुम्ही दोरा झाडाला गुंडाळता, आम्ही गळ्यात बांधतो." त्या दोऱ्याला 'सरडू' म्हणतात. पहिल्या वर्षी "सरडू आणलास का?" ऐकून मी जागच्या जागी दचकले होते.

पूजा होईपर्यंत उपास. आमच्या घरी त्या दिवशी दूध, दही, ताकही बंद. नैवेद्याला गुळाची अडै आणि मिठाची अडै (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या चपट्या वड्या), वर घट्ट लोण्याचा गोळा. देवीला म्हणायचं ते असं, की न वितळलेलं लोणी आणि एक अडै तुला वाहिली, नवऱ्याची-माझी कधी ताटातूट होऊ देऊ नकोस. मग दोरा, मग जेवण.

आता अडचण. यंदा सूर्य मीनेत जातोय तो १४ मार्चच्या रात्री एक वाजून गेल्यावर. मग रात्री एकला उठून पूजा करायची, की संध्याकाळीच उरकायची, की रविवारी सकाळी? भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या तमिळ कॅलेंडरमध्ये वेळ आणखी वेगळी आहे. त्यात राहुकाळ, यमगंड, नल्ल नेरम् (शुभ वेळ) असं सगळं बारीक अक्षरात असतं आणि मला तमिळ अजून अक्षरं जुळवत वाचावं लागतं. भरीला आईने पाठवलेल्या मराठी कॅलेंडरात १५ तारखेला एकादशी. म्हणजे रात्री एकनंतर तांदळाची अडै खायची तरी कशी?

गेल्या वर्षी मुहूर्त संध्याकाळी सातच्या आत होता. मी ऑफिसातून निघून लोकलमध्ये अडकले, घरी पोचले तेव्हा पंगुनी लागून गेला होता. अम्मा काही बोलल्या नाहीत. नुसतं घड्याळाकडे बघितलं. ते बोलण्यापेक्षा वाईट.

दुसरं म्हणजे अडै. परवा रंगीत तालीम म्हणून केल्या तर विटेसारख्या कडक झाल्या. मोदकाची उकड मला चांगली जमते हो! कुठे चुकतंय?

अम्मांना फोन करते, पण तिथे बाळाचं रडणं, डॉक्टर, पाहुणे. "उनक्कु तेरियुम्" (तुला येतं) म्हणून फोन ठेवतात. मला काहीही येत नाही.

प्रतिसाद १

शनिवारी संध्याकाळी करून मोकळ्या व्हा. देव काय स्टॉपवॉच घेऊन बसलाय?

प्रतिसाद २

वरच्यांना नम्र विरोध. इथे घड्याळालाच महत्त्व आहे. मी माटुंग्याची, गेली बावीस वर्षं कोइंबतूरला. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, मासीत बांधलेल्या दोऱ्यावर शेवाळ धरेपर्यंत तो टिकतो. म्हणजे सौभाग्य टिकतं. म्हणून दोरा मासी असेपर्यंत बांधला गेला पाहिजे. रविवारी सकाळी पंगुनी लागलेला असेल, त्यामुळे तो पर्याय बाद.

आमच्याकडे मध्यरात्रीच्या वर्षी रात्री साडेनऊ-दहाला पूजा करतात. शेजारच्या मामी मात्र बरोबर सांध्याच्या आधी अर्धा तास बसतात, घरच्या पोरींना झोपेतून उठवून दोरे बांधतात. दोन्ही चालतं. उपास लांबतो एवढाच फरक.

एकादशीचं म्हणाल तर रात्री बारानंतरची तारीख इंग्रजी कॅलेंडरची. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. शनिवारी रात्री खाल्लेली अडै शनिवारचीच.

आणि हा मुहूर्त दरवर्षी का पळतो ते सांगते, म्हणजे पुढल्या वर्षी धागा काढावा लागणार नाही. सूर्याला त्याच राशीत परत यायला ३६५ दिवस आणि वर सहा तास नऊ मिनिटं लागतात. म्हणून हा सांधा दरवर्षी साधारण सहा तास पुढे जातो: एका वर्षी सकाळी, मग दुपारी, मग संध्याकाळी, मग मध्यरात्री. लीप वर्ष येतं आणि तारीख पुन्हा मागे येते. तुमचं गेलं वर्ष संध्याकाळचं, यंदा मध्यरात्र, पुढल्या वर्षी सकाळ. पुढल्या वर्षी ऑफिसला उशिरा जायची रजा आत्ताच टाका.

महिने सूर्याचे असल्यामुळे इथे अधिक महिना लागत नाही. यंदा आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे, वटपौर्णिमा पार जूनच्या शेवटी गेली. नोंबू मात्र मार्चच्या मध्यातून हलत नाही.

एकदा ही किल्ली कळली की बाकीचे सणही सोपे होतात. महिना सूर्याचा, आणि त्यात एक नक्षत्र, तिथी किंवा वार शोधायचा. तैप्पूसम म्हणजे तै महिन्यातलं पुष्य, पंगुनी उत्तिरम म्हणजे पंगुनीतलं उत्तरा फाल्गुनी, नावातच पत्ता आहे. पुरट्टासी महिन्यातले शनिवार पेरुमाळचे, म्हणजे विष्णूचे. आडिप्पेरुक्कु तर सरळ आडीची १८ तारीख, चंद्राचा संबंधच नाही, कावेरीला पाणी चढतं म्हणून. गोकुळाष्टमीला मी पहिली काही वर्षं गोंधळायचे, कारण आम्ही अष्टमी धरतो आणि समोरचे अय्यंगार आवणीतली रोहिणी. त्यामुळे एकाच जिन्यात दोन वेगळ्या दिवशी कृष्णाची पावलं उमटतात.

प्रतिसाद ३

दोन कॅलेंडरांत दोन वेळा का, ते राहिलं. एक वाक्य पंचांग, दुसरं तिरुगणित. वाक्य पंचांग जुन्या पाठ कोष्टकांवरून, तिरुगणित आजच्या खगोलगणितावरून. वेळेत फरक पडतोच. अम्मांना (नाहीतर घरच्या वाध्यारांना, म्हणजे भटजींना) एवढंच विचारा की घरात कुठलं चालतं, आणि तेच धरा. दोन्ही बघत बसलात तर डोकं फिरेल. आमचं घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या चांद्रमान पाळणारं, पाडवा युगादी म्हणून करणारं, आणि शेजारी सगळे सौरमानवाले. लहानपणी नवीन वर्ष दोनदा यायचं. तक्रार कोणाचीच नव्हती.

प्रतिसाद ४

अडैबद्दल. मोदकाची उकड येते हेच चुकलंय. तुम्ही वाटीला वाटी पाणी घेतलं असणार. इथे पीठ आधी कोरडंच, मंद आचेवर लालसर होईपर्यंत भाजतात, ते पाणी जास्त पितं. वाटीभर पिठाला दोन वाट्या पाणी. पाण्यात गूळ विरघळवून गाळून घ्या, शिजवलेली चवळी (कारामणी), खोबऱ्याचे बारीक तुकडे, वेलची घाला, उकळी आली की पीठ भुरभुरवत ढवळा. केळीच्या पानाला तूप लावून थापा, मध्ये मेदूवड्यासारखं भोक पाडा आणि इडलीपात्रात पंधरा मिनिटं वाफवा. वरून चकाकी आली की झाली. मिठाच्या अडैला गुळाऐवजी हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंगाची फोडणी. चवळी आधी कोरडी भाजून मग शिजवा, नाहीतर लगदा होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. अम्मांना एकच प्रश्न विचारला, कुठलं पंचांग? "तिरुगणितम्", आणि पुढे, "पण आमच्या गावी वीज गेली की आम्ही अंदाजानेच बांधायचो." हे आधी सांगितलं असतं तर!

शनिवारी रात्री दहाला पूजा केली. लहानसं कोलम (रांगोळी), दोन पानं: एक देवीचं, एक माझं. दोरा नवऱ्याने बांधला. गाठ इतकी घट्ट मारली की मान वळवताना काचतेय. अम्मांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्यांनी तिकडे बाळंतिणीच्या गळ्यातला दोरा दाखवला. अडै दोन वाट्या पाण्याने मऊ झाल्या. गुळाच्या चार मी एकटीने खाल्ल्या, दिवसभराची भूक होती.

दोन अडै सकाळी गायीसाठी ठेवल्या होत्या. मांबलममध्ये गाय शोधावी लागत नाही, तीच रस्ता अडवून उभी असते. तिने लोणी चाटलं, मग केळीचं पान खाल्लं, आणि अडै हुंगून शेवटी.