द्राक्षछाटणी आणि सबमिशन एकाच महिन्यात येत असतील, तर सत्राचे नियोजन कसे करावे?

प्रश्न
मी निफाड तालुक्यातून रोज नाशिकला येऊन विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये बागेची छाटणी, अंतर्गत परीक्षा आणि प्रयोगांचे जर्नल जमा करण्याची मुदत हे सारे एकत्र आले. रात्री जागून लिहिलेले जर्नल दुरुस्तीसाठी परत आले आणि दोन विषय जेमतेम सुटले. यंदा सत्रापूर्वीच आराखडा करावा म्हणतो, परंतु माझे वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १
अभ्यासाचे तास मांडण्यापूर्वी, जे दिवस अभ्यासाला मिळणारच नाहीत ते वजा करावेत. सत्र साधारण १५ आठवड्यांचे धरले, तरी गणपती, नवरात्र आणि छाटणी वगळता तुमच्या हाती दहा-अकराच उरतील. छाटणीची तारीख पाऊस आणि मजुरांची टोळी ठरवते, त्यामुळे एक तारीख न धरता दोन आठवडे मोकळे ठेवावेत. जर्नलचे म्हणाल, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) ३० तास धरतात, म्हणजे दोन श्रेयांकांचे प्रयोगशाळेतील काम ६० तासांचे होते. त्याचे लेखन शेवटी एकगठ्ठा उरकता येत नाही. निरीक्षणे घेतली त्याच दिवशी आकडेमोड करून आलेख काढावा. सुबक अक्षराचा हट्ट तूर्त सोडावा.

उत्तर २
मी अध्यापनाच्या क्षेत्रात आहे. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमीच धरतो, या प्रवृत्तीचे विवेचन मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये केले होते, आणि विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकांत मला ती दरवर्षी दिसते. म्हणून मनातला अंदाज बाजूला ठेवून गेल्या सत्रात एका प्रयोगाच्या लेखनाला प्रत्यक्ष किती वेळ लागला, तो आकडा घ्यावा. छाटणीची अडचण शिक्षकांना ऑगस्टमध्येच सांगावी. मुदत उलटल्यावर सांगितलेले खरे कारणही सबबीसारखे ऐकू येते.

उत्तर ३
मीही सिन्नरहून ये-जा करीत असे. बसमधला तासभर अभ्यासात धरू नका, कारण सकाळी उभे राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ. त्याऐवजी शेवटच्या तासानंतर ग्रंथालयात पाऊण तास बसून मगच बस धरावी. घरी पोहोचल्यावर बागेचे काम पुढे येतेच. झोप मात्र कापू नये. ताण असह्य झाल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. वडिलांशी बोललो, छाटणी दोन टप्प्यांत घेता येईल, असे ते म्हणाले. मात्र माझी शेवटची बस साडेपाचची असल्याने ग्रंथालयाचा पाऊण तास दुपारच्या सुट्टीत बसवावा लागेल.